साठ ग्रॅम कापूस

बयनाबाईंच्या डाव्या हाताचा अंगठा करंगळीकडे निघायचा आणि चौदा मिलिमीटर अलीकडे थांबायचा. सुवर्णाने हे अंतर शाळेच्या पट्टीने मोजलं होतं, तेही एकदा नाही, तीनदा. दिवाळीत ते एकवीस होतं. मधले सात मिलिमीटर म्हणजे ज्वारीचे जेमतेम दोन दाणे. पण तेवढं चालायला त्या अंगठ्याला अडीच महिने लागले होते.

गेल्या उन्हाळ्यात बयनाबाईंना लकवा मारला आणि डावी बाजू गेली. त्यांची सून सुवर्णा तेलंगणातल्या गुडीहत्नूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिने सासूसाठी पंधरा दिवसांची रजा घेतली, आणि ती रजा वाढत वाढत नऊ महिन्यांची झाली. नवरा करण मालाची गाडी घेऊन नागपूर-हैदराबाद करायचा, आठवड्यातून दोन दिवस घरी. सासरे महिपतराव घरीच असत, पण सुवर्णा त्यांना कशाला हात लावू द्यायची नाही. "राहू द्या मामाजी, तुमच्यानं नाही होणार," एवढं म्हणून ती स्वतःच उचलायची, न्हाऊ घालायची, गोळ्या द्यायची.

शाळेच्या मोठ्या बाईंचा दर रविवारी फोन यायचा. बदली शिक्षिका जाणार होती. संक्रांतीच्या सुट्टीनंतर सोमवारी शाळा उघडेल तेव्हा सुवर्णा येणार की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. नसेल तर त्या दुसरं कुणी बघणार होत्या. सुवर्णाचं उत्तरही ठरलेलं होतं. "थोडं थांबा, मॅडम."

थांबायचं कुठवर, ते मात्र तिने कापसावर ठरवलं होतं.

आदिलाबादहून दर शुक्रवारी प्रगती नावाची नर्स घरी यायची. हाताच्या व्यायामासाठी तिने रबराचा लाल चेंडू दिला होता. "मी काय रांगतं लेकरू आहो का, चेंडू खेळाले?" असं म्हणून बयनाबाईंनी तो उजव्या हाताने थेट शेळ्यांच्या गोठ्यात भिरकावला. मग सुवर्णाने वावरातून अर्धी उमललेली बोंडं टोपलीभर आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. बयनाबाई एके काळी वेचणीत सगळ्या बायांच्या दोन ओळी पुढे असत. बोंडं बघताच डावी बोटं आपोआप हलली. तेव्हापासून रोज दुपारी अर्धा तास, उजवा हात पदराखाली आणि डाव्याने वेचणी. निघालेला कापूस सुवर्णा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आलेखात ठिपका द्यायची. पहिला ठिपका अकरा ग्रॅमचा होता.

"साठ झाले की शाळेचं बघू," तिने सांगून टाकलं होतं.

"साठच काऊन?" महिपतरावांनी विचारलं.

"साठ म्हणजे हातात गिलास धरण्याएवढं बळ आलं समजायचं."

महिपतराव आलेखापुढे बराच वेळ उभे राहिले. नंतर ते रोजच उभे राहू लागले. नाताळपासून ठिपके पन्नासच्या आसपास अडकून बसले होते. संक्रांतीच्या आठवड्यात मात्र ते उठले. सोमवारी पंचावन्न, बुधवारी अठ्ठावन्न, आणि गुरुवारी संध्याकाळी काट्याने एकसष्ट दाखवले.

"झाले ना वं साठ!" महिपतरावांनी टाळीच वाजवली. "वरून एक!"

बयनाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. सुवर्णाचा चेहरा उजळला, मग लगेच सावध झाला. "एका दिवसावर काय ठरवायचं? उद्या परत बघू," ती म्हणाली आणि कापसाचं भांडं खिडकीत ठेवून गेली.

शुक्रवारी सकाळी ऊन खिडकीतून आत आल्यावर तिने सहज तेच भांडं परत काट्यावर ठेवलं. त्रेपन्न. काटा बिघडला असेल म्हणून तिने साखरेचा बंद पुडा ठेवून पाहिला. काटा ठीक होता. कापूस तोच, भांडं तेच, आणि रात्रीतून आठ ग्रॅम कुठे गेले? तिने कापूस मुठीत घेतला. वरचा कोरडा होता. तळाचा गार लागला.

ती भांडं घेऊन अंगणात आली. महिपतराव शेळीला पाला घालत होते, बयनाबाई खुर्चीत उन्हाला बसल्या होत्या.

"मामाजी, कापसावर पाणी कोणी मारलं?"

महिपतराव पाला घालतच राहिले. शेळीने मात्र मान वर केली.

"मी म्हटलं होतं, जास्त मारू नका म्हनून," बयनाबाई म्हणाल्या. "ऐकते कोन!"

"तूच तं म्हटलं, अजून दोन शिंतोडे मारा!"

"दोन म्हटले होते. तुमी लोटा घेऊन आले."

महिपतराव शेवटी वळले. सत्तरी ओलांडलेला माणूस कान धरल्यासारखा उभा होता. "पोरी, पन्नास वर्सं कापूस विकला. मार्केटात कदी एक थेंब मारला नाई. वजन वाढवाले लोक मारत, मी नाई मारला. घरातच मारला पहिल्यांदा."

"पण कशाला?"

"तुले साठ पायजे होते ना."

सुवर्णाला हसू यायला लागलं, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. एवढे महिने ती काटेकोर मोजत होती, आणि हे दोघं तिच्या पाठीमागे लोटा घेऊन फिरत होते.

"म्हणजे आधीचेही ओलेच?"

"सोमवारपासूनचे," महिपतरावांनी कबूल केलं. "त्याच्या आदीचे सच्चे हायेत. देवाशप्पथ."

तेवढ्यात प्रगतीची स्कूटी दारात आली. हकीकत ऐकून ती पायरीवरच बसली आणि इतकी हसली की तिची बॅग घसरून खाली आली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "पण वहिनी, साठचा आकडा दिला कोणी? मी तर नाही दिला."

"मीच ठरवला."

"साठ झाले असते तं हिनं सत्तर म्हटलं असतं," बयनाबाई म्हणाल्या.

काल एकसष्ट दिसले तेव्हा ती काय म्हणाली होती, ते सुवर्णाला आठवलं.

"तुझ्या मनात भेव हाये," सासू हळूच म्हणाली. "तू गेली का मी पडीन. मी नाई पडत. बुड्ढ्याले विचार."

"त्यांना काय विचारायचं?"

"दाखवा, आजोबा," प्रगती म्हणाली. "आता लपवून काय करता?"

महिपतरावांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि खुर्चीपुढे उभे राहिले. त्यांनी आधी बयनाबाईंचे दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवले. मग गुडघे वाकवले आणि काखेत हात न घालता त्यांच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला धरलं. "एक, दोन, तीन, ऊठ माय!" बयनाबाई उठल्या, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून अर्धा फेरा वळल्या आणि शेजारच्या खाटेवर अलगद बसल्या. लग्नातही ही दोघं एकमेकांच्या एवढी जवळ उभी राहिली नसतील. सुवर्णापेक्षा त्यांचं उचलणं सफाईचं होतं. ती अजूनही काखेत हात घालायची, म्हणून तिची कंबर दुखायची.

"हे कधी शिकले?"

"तू दर शुक्रवारी धुनं घेऊन हापशीवर जाते तवा," महिपतराव म्हणाले. "गोळ्या बी पाठ हायेत. सकाळी पांढरी अन् पिवळी, जेवल्यावर अर्धी."

"दोन महिने झाले, वहिनी," प्रगती म्हणाली. "तुम्ही त्यांना करूच देत नाही, म्हणून चोरून शिकवलं. मी दर शुक्रवारी आहेच. तुम्ही चार वाजता घरी येणार. मधल्या वेळाला एवढा माणूस पुरे आहे."

सुवर्णाने भांड्यातल्या कापसाकडे पाहिलं. त्रेपन्न. दुपारपर्यंत तो सुकून आणखी उतरला असता, कदाचित पन्नासवरच आला असता. अकरावरून पन्नास, तेही कोरडे. आलेख खोटा नव्हता, फक्त तिने तो कधी पुरेसा मानला नव्हता.

खाटेवर तिचा मोबाईल पडला होता. बयनाबाईंनी डावा हात लांबवला. बोटं फोनभोवती एकेक करून मिटली, अंगठा मागून आला, थरथरला, आणि बसला. फोन हातात हलत होता, पण पडला नाही.

"लाव," त्या म्हणाल्या.

सुवर्णाने घेतला आणि लावला. पलीकडे घंटा वाजली तशी महिपतरावांनी शेळीला ओरडून गप्प केलं, ती काही बोलत नसतानाही.

मोठ्या बाईंशी सुवर्णा नेहमी तेलुगूत बोलायची. "सोमवारम् नुंची वस्तानु, मॅडम," ती म्हणाली. पलीकडचं काहीतरी ऐकून मोठ्याने हसली आणि फोन ठेवला.

बाजारात तेलुगू ऐकत जन्म गेलेल्या बयनाबाईंना तेवढं तेलुगू कळत नसेल, हे शक्यच नव्हतं. तरी त्यांनी मान तिरपी केली.

"काय म्हटलं वं? मले आपल्या बोलीत आयकाचं हाये."

सुवर्णा उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी.

"आत्याबाई, सोमवारपासून मी शाळेत जाते."