जिन्याखालचा थर्मोस्टॅट

विल्फ क्रॅबट्रीने दार उघडलं तेव्हा तो घरातच ओव्हरकोट घालून होता. "ये पोरी, आत ये. बाहेरच्यापेक्षा इथे जास्त गार आहे, पण निदान पाऊस नाही."

मी अख्ख्या रॉचडेलमध्ये बॉयलर दुरुस्त करत फिरते, त्यामुळे म्हाताऱ्यांची गार घरं मला नवी नाहीत. पण हे घर म्हणजे कहर होता. विल्फची लेक लोरेन लीड्सला असते. आई गेल्यावर तिने ठरवलं, डॅडच्या घरात नवीन स्मार्ट थर्मोस्टॅट बसवायचा. म्हणजे घर किती तापलंय ते तिला तिकडून फोनवर दिसेल.

"मी गारठून मेलो की हिला फोनवर कळणार," विल्फ म्हणाला. "काय एकेक शोध लागतात!"

"तुम्ही तो कोट काढलात तरी पुष्कळ झालं," मी म्हटलं.

मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून पाहिला आणि स्वयंपाकघरातला बॉयलरचा जुना टायमर भिंतीवरून उतरवला. काढण्याआधी तारांचा फोटो घेतला. हे मी कधी चुकवत नाही. बॉयलर चालू-बंद करणारी नवीन पेटी तिथे बसली. उरला बैठकीबाहेरच्या भिंतीवरचा जुना थर्मोस्टॅट. पिवळी पडलेली गोल चकती, काटा पार टोकाला, तीस अंशांवर.

"तिसावर? एवढं तर कुंडीतल्या टोमॅटोलाही लागत नाही!"

विल्फ चहा घेऊन आला होता. तो हसला नाही. "एनिडसाठी, माझ्या बायकोसाठी. आयुष्यभर आमची ह्या चकतीवरून भांडणं. ती वाढवायची, मी कमी करायचो. 'थंडी वाजते तर स्वेटर घाल की बाई', हे मी किती वेळा म्हटलं असेल! पण आजारी पडली, पलंग खाली आणला, तेव्हापासून मीच वाढवायला लागलो. रोज टोकाला. म्हणायचो, एनिड, वाढवलंय गं. ती म्हणायची, हो विल्फ, आता बरं वाटतंय." तो कपाकडे बघत राहिला. "हात मात्र गारच असायचे. बॉयलर म्हातारा झालाय, दुसरं काय."

बॉयलर म्हातारा नव्हता. मी नुकताच उघडून पाहिला होता, ठणठणीत होता. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

विल्फ स्वयंपाकघरात गेल्यावर मी चकती काढली. मागे एकही तार नव्हती. नुसती दोन स्क्रूंवर टांगलेली. खरी तार भिंतीतून खाली वळवलेली होती. तिचा माग काढत जिन्याखालच्या कपाटात शिरले, व्हॅक्यूम क्लीनर सरकवला, इस्त्रीचं टेबल सरकवलं. मागे दुसरा थर्मोस्टॅट. खरा. सोळावर ठेवलेला, वर धुळीचा थर.

कोणी केलं असेल हे सांगायची गरज नव्हती. ही चलाखी मी आधीही पाहिली आहे, आमच्याकडच्या नवऱ्यांची. बायकोला फिरवायला एक चकती द्यायची आणि खरी लपवून ठेवायची. भांडण मिटतं. आणि वर्षं गेली की माणूस स्वतःच विसरून जातो.

मी तो थर्मोस्टॅट काढला आणि हत्यारांच्या पिशवीत तळाशी कोंबला. म्हाताऱ्याला कळायचं काय कारण? नवीन बसेल, घर तापेल, विषय संपेल. मनाशी पक्कं केलं, तोंड उघडायचं नाही.

नवीन थर्मोस्टॅट जुन्या चकतीच्या जागी बसवून मेन स्विच चालू करतेय तोच लोरेन आली, दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या. जिन्याखालचा पसारा पाहून ती खो खो हसत सुटली.

"सापडला का तो! अगं, आमच्या घरातला सगळ्यात जुना विनोद आहे तो. मी शाळेत होते तेव्हा डॅडने बसवला. आई बिचारी बाहेरची चकती फिरवून म्हणायची, 'आता कसं बरं वाटतंय!' आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात तोंड दाबून..."

जीभ आवर गं बाई, असं ओरडावंसं वाटलं मला. पण उशीर झाला होता.

विल्फ दारात उभा होता, हातात बशी. त्याने माझ्या हत्यारांच्या पिशवीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. एकेक गोष्ट आठवत गेली तसा त्याचा चेहरा उतरत गेला. लोरेनचं हसू मध्येच तुटलं. आता कुठे तिच्याही डोक्यात शिरलं.

"किती होतं त्याच्यावर?" त्याने मला विचारलं.

खोटं बोलायचं होतं. देवाशपथ, बोलायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांकडे पाहून जमलं नाही.

"सोळा."

लोरेन "डॅड, डॅड" करत जवळ गेली, तिला त्याने हाताने बाजूला केलं. नवीन थर्मोस्टॅटपाशी आला.

"पोरी, हा खरंच जोडलाय ना?"

"खरंच जोडलाय, विल्फ. मी स्वतः जोडलाय."

त्याने तो फिरवला, फिरतो तितका. स्वयंपाकघरात बॉयलर भुर्र करून पेटला. विल्फ पुढच्या खोलीत गेला, एनिडचा पलंग अजून तिथेच होता. त्याच्या कडेला बसून त्याने रेडिएटरवर हात ठेवला. लोरेन दाराला टेकून रडत होती. मी हत्यारं आवरायची सोडून तिथेच उभी राहिले, पाय निघेना.

हळूहळू पाइप करकरले. तरी त्याने हात काढला नाही.

"डॅड, भाजेल," लोरेन म्हणाली.

"एवढं तापतं होय हे," विल्फ म्हणाला.