एका शब्दाची चिठ्ठी

थोरली वैरण तोडत होती तेव्हा भिंतीवरून धाकटीचा हात आला. हातात चिठ्ठी. दोघी जावा, मधे गोठ्याची एकच भिंत, आणि सांडपाणी कुणाच्या अंगणातून काढायचं यावरून उन्हाळ्यापासून दोघींत अबोला. पण चिठ्ठीला अबोला लागू नव्हता.

गावात इंग्रजी शब्दाला माणूस अडला की तो थोरलीकडे येई. ती दहावी झालेली, तिच्या फोनमध्ये शब्दकोश, आणि गोठ्यामागच्या उंचवट्यावर उभं राहिलं की रेंज मिळे. शब्द टाकायचा, अर्थ वाचायचा, सांगून मोकळं व्हायचं. लोक तिला अर्थवालीच म्हणत. मात्र गावाची एक खोड होती. अख्खा कागद कुणी दाखवत नसे. खताची पिशवी असो, दवाखान्यातला कागद असो, अडलेला एकच शब्द चिठ्ठीवर उतरवून आणायचा, अक्षरं चित्रासारखी काढून. कागद दाखवला की घरातलं चव्हाट्यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची. कागदाचा फोटो काढला तर सगळा मजकूर आपल्या भाषेत दिसतो, हे थोरलीनं अनेकदा समजावलं. लोक माना डोलवत आणि पुन्हा एकच शब्द घेऊन येत.

धाकटीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, डिस्कार्ड. इंग्रजी अक्षरं, एकेक ठसठशीत गिरवलेलं.

थोरली पदर डोक्यावर ओढून उंचवट्यावर गेली. पंधरवडाभर झड थांबली नव्हती. माती पायाला धरून ठेवत होती, गोठ्यांतून घोट्याएवढा चिखल झाला होता. शब्दकोश उघडायला वेळ लागला. अर्थ वाचून ती परत भिंतीशी आली आणि हे कशावर लिहिलंय, म्हणून विचारलं.

"कशावर का असेना. अर्थ तेवढा सांगा, जाऊबाई."

"फेकून देणं."

पलीकडून "बरं" एवढंच आलं. एरवी थोरलीनं आणखी एकदा विचारलं असतं. सांडपाणी आड आलं.

दोन दिवसांनी गावाचं दूध परत आलं. घरोघरचं दूध गावातल्या संकलन केंद्रावर एकाच कॅनमध्ये जाई. मोठ्या डेअरीनं तपासलं तर त्यात जनावराच्या औषधाचा अंश निघाला. केंद्रवाल्यानं सगळं दूध सगळ्यांदेखत ओढ्यात ओतलं. ओढ्याचं गढूळ पाणी लांबवर पांढरं झालं. बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. केंद्रवाला म्हणाला, उद्या सकाळी प्रत्येकाचं दूध वेगळं तपासणार. ज्याचं निघेल, त्याचं हंगामभर बंद. मग जो तो दुसऱ्याच्या गोठ्याकडे बघायला लागला. एकानं तर शेजाऱ्याच्या म्हशीच्या आजारपणाचा पाढा वाचला, आणि शेजाऱ्यानं त्याच्या.

थोरली गर्दीत उभी होती. औषध हा शब्द ऐकला आणि तिला चिठ्ठी आठवली. घरी येऊन ती भिंतीला वळसा घालून धाकटीच्या गोठ्यात गेली. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा.

गाय रवंथ करत होती. एका बाजूची कास अजून टणक दिसत होती.

"औषधाचा खोका दाखव," थोरली म्हणाली.

धाकटी आधी कसला खोका म्हणाली. मग खाली बसली आणि सांगायला लागली. चिखलात उभी राहून राहून गाईची कास सुजली होती. डॉक्टरला बोलावलं तर केंद्राला कळणार, दूध थांबणार. नवरा लांब रस्त्याच्या कामावर, त्याचा पैसा येईल तेव्हा येईल. घर चालायचं ते या एका गाईवर. म्हणून तिनं बाजारातून सडात भरायच्या औषधाच्या नळ्या आणल्या, आणि खोक्यावरच्या लाल ओळीतला पहिला, सगळ्यात जाड शब्द तेवढा उतरवून पाठवला.

"मग काय केलंस?"

"तुम्ही म्हणालात तेच. फेकून दिलं. रोज नळी रिकामी झाली की खड्डा करून पुरली, कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवला."

 खोका घेऊन थोरली उंचवट्यावर गेली, धाकटी मागोमाग. लाल ओळीतला एकेक शब्द तिनं शोधला. जे येत होते तेही शोधले. शेवटच्या नळीनंतर तीन दिवस सगळं दूध फेकून द्यावं.

शेवटची नळी धाकटीनं त्याच दिवशी सकाळी भरली होती.

"उद्या दूध नेलं तर सापडशील," थोरली म्हणाली, "आणि नाही नेलंस तरी सगळ्यांना कळेल." यातून सुटायची वाट तिलाही दिसत नव्हती. "मी येते बरोबर."

सकाळी धाकटी रिकामी किटली आणि खोका घेऊन केंद्रावर गेली. जे झालं ते तिनं सरळ सांगितलं.  केंद्रवाला वाईट माणूस नव्हता, पण बोललेला शब्द गिळता येईना. त्यानं तिचं नाव हंगामभरासाठी बंद केलं. थोरलीनं रदबदली केली, त्यानं नकारार्थी मान हलवली.

मग त्यानं रांगेकडे पाहिलं. रांग रोजच्यापेक्षा निम्मी होती. कुणाचं वासरू दावं सोडवून दूध पिऊन गेलं होतं म्हणे. कुणाची म्हैस रात्रीतून आटली होती. कुणाच्या घरी पाहुणे आले होते आणि सगळं दूध चहालाच गेलं. केंद्रवाल्यानं आलेलं दूध तपासलं. सगळं स्वच्छ निघालं. गावाचं संकलन सुरू झालं.

संध्याकाळी धाकटीनं धार काढली आणि ते दूध थोरलीच्या अंगणात बसून सांडपाण्याच्या चरात ओतलं. थोरलीनं चर आपल्या अंगणातून जाऊ दिला होता. 

तेवढ्यात चिठ्ठ्या यायला लागल्या. पहिली आली, दुसरी आली. माणसं वेगळी, हस्ताक्षरं वेगळी. तिसरी घेऊन कोपऱ्यावरचा सुतार आला, ज्याची म्हैस आटली होती तो. थोरलीनं चिठ्ठी उघडली आणि धाकटीपुढे धरली. आपण गिरवला होता तोच शब्द, धाकटीनं लगेच ओळखला.

अर्थ तिनंच सांगितला. "नळी नाही, दादा. दूध फेकायचं. तीन दिवस."

सुताराचा चेहरा उतरला. "मी कुठं म्हशीचं विचारलं? नुसत्या शब्दाचा अर्थ विचारला." त्यानं चिठ्ठीची घडी केली, खिशात ठेवली, फाटकापर्यंत गेला. तिथून मागे न बघता म्हणाला,

"तीन दिवस म्हणजे पहिल्या नळीपासून, का शेवटच्या?"