मांजराचे सांधे

"निघेल ना हो?" मुख्याध्यापिकाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

भिंतीवरच्या कासवाच्या पाठीखाली छिन्नी धरून मिस्त्रीनं हातोडीचा बेतानं ठोका दिला. तुकडा निघाला नाही, फुटला. वरचा हिरवा, चकाकता पापुद्रा तेवढा उडाला आणि बाकीची फरशी भिंतीतच राहिली, तुटलेल्या दाढेच्या मुळासारखी.

पायाशी गोणपाट अंथरलं होतं. अख्खे निघालेले तुकडे त्यावर ठेवायचे, असं सकाळी ठरलं होतं. दुपार झाली तरी गोणपाटावर चारच तुकडे होते, आणि त्यांतही तीन तुकड्यांचे कोपरे गेले होते.

"तुम्हीच लावलं होतं म्हणून तुम्हालाच बोलावलं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, ज्यानं लावलं त्याला काढताही येईल."

"लावताना काढायचा विचार कोण करतं, बाई?"

अंध मुलांची ही शाळा आठ दिवसांत गावाच्या दुसऱ्या टोकाला जायची होती. जागेचा करार संपला होता आणि मालकाला इमारत पाडायची होती. बाकं, कपाटं, पेटी, सगळं बांधून झालं होतं. राहिली होती ती बागेतली भिंत. पंधरा वर्षांपूर्वी फरशीच्या तुकड्यांची चित्रं बसवून ती सजवली होती. डावीकडं कासव, मासा, बदक. उजवीकडं शेळी, घोडा, मांजर. नवीन शाळेला दुसरं काही नसलं तरी चालेल, पण आमचे प्राणी न्या, असा मुलांनी धोशा लावला होता.

डावी बाजू मिस्त्रीची होती. उजवी त्याच्या धाकट्या भावाची.

बाजारात मिस्त्रीला सगळे डिंक्या म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. डिंक्याकडून काम करून घ्यायचं तर आधी त्याचं कीर्तन ऐकावं लागतं, असं दुकानदार गिऱ्हाइकाला बजावून ठेवत. घरातल्या फरश्या चिकटवायचं तयार पांढरं केमिकल बागेत वापरायचं नाही, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं होतं ते. भिंतीवरचा रंग आधी खरवडायचा, नाहीतर फरशी रंगाला चिकटते आणि रंग तिला घेऊन खाली येतो. केमिकल पॉलिमरवालंच घ्यायचं. ते भिंतीलाही लावायचं आणि तुकड्याच्या पाठीलाही, कारण खाली पोकळी राहिली की तिथं पाणी साठतं. सांधे भरायला ग्राउट इपॉक्सीचं, आणि तेही काठोकाठ. दोन तुकड्यांच्या मध्ये बोट अडकता कामा नये. गिऱ्हाइकं जांभया देत ऐकत. पण त्याच्या हातची फरशी पडली असं त्या बाजारात कुणी म्हणू शकत नव्हतं.

धाकटा त्याच्याच हाताखाली शिकला होता. हात चांगला, पण रेंगाळणारा. शाळेचं काम आलं तेव्हा मिस्त्रीनं भिंत खरवडून थेट तिच्यावरच काम सुरू केलं. धाकट्यानं मात्र चार सिमेंटचे बोर्ड आणले, घोडा मोठा म्हणून त्याला दोन, आणि व्हरांड्यात मांडी घालून बसला. बोर्डवर प्राणी करायचे, मग बोर्ड स्क्रूनं भिंतीवर बसवायचे. भोवती दिवसभर मुलांचं कोंडाळं. एक तुकडा बसवला की मुलांचे दहा हात त्यावरून फिरत, मग दुसरा.

"बोर्ड म्हणजे तात्पुरतं काम," मिस्त्री म्हणाला होता. "दोन पावसाळे टिकलं तर मिशी उतरवीन."

"नसेल टिकत. मुलांच्या हाताशी राहून करता येतं ना."

"आपण फरशी बसवायला आलोय, पोरं खेळवायला नाही."

एका संध्याकाळी धाकटा लवकर घरी गेला. मिस्त्रीच्या बादलीत कालवलेलं इपॉक्सी उरलं होतं, तासाभरात दगड होणारं. व्हरांड्यात मांजराचा बोर्ड टेकवून ठेवला होता. मिस्त्रीनं वाकून पाहिलं, तर सांधे अर्धेच भरलेले. प्रत्येक तुकड्याभोवती खाच. त्याला वाटलं, कामचुकारपणा. उरलेलं इपॉक्सी त्यानं मांजरावर ओढलं, सांधे काठोकाठ भरले, ओल्या स्पंजनं पुसून लख्ख केले. आपण भावाचं काम निस्तरलं, याच समाधानात तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा बोर्डपाशी उभा होता.

"हे कुणी केलं?"

"मी. अरे, सांधे अर्धे सोडलेस. पाणी राहील त्यात."

"विचारायचंस तरी, दादा."

"विचारायचं काय त्यात? मी मोठा आहे."

"हात लावून बघ एकदा. डोळे मीट आणि हात लाव."

"मला बघायला हात लागत नाहीत. डोळे आहेत."

धाकट्यानं चाकूच्या टोकानं सांधे उकरून पाहिले. इपॉक्सी जागचं हललं नाही. दोन दिवसांत त्यानं चारही बोर्ड भिंतीवर चढवले आणि तिसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. वेगळा धंदा काढला. पंधरा वर्षांत लग्नाकार्यात दोघं समोरासमोर आले की "काय, बरं ना?" आणि "बरं आहे," एवढंच. दर पावसाळ्यानंतर मिस्त्री काहीतरी निमित्त काढून शाळेत जाई आणि भिंतीपुढं उभा राही. उजवीकडचे पाच-सात तुकडे पडलेले असत. डावीकडचा एकही नाही. मांजराचाही नाही. बाईंना वाटे, बिचाऱ्याला भिंतीची केवढी माया! धाकटा येऊन पडलेले तुकडे पुन्हा बसवून जाई. तो कधी येतो, हे मिस्त्रीनं कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी धाकटा गेला. आजार दोन महिने चालला होता. मिस्त्री परगावी एका हौदाच्या तळाला फरशी बसवत होता. हे एवढं संपवून जाऊ, असं म्हणत राहिला. निरोप आला तेव्हा सांधे भरायचे बाकी होते.

"उजवी बाजू तरी बघा," बाई आता म्हणाल्या. "वेतमास्तरांना पाठवते. त्यांना माहितीय म्हणे, ते बोर्ड कसे काढायचे ते."

वेतमास्तर म्हणजे वेतानं मारणारे नव्हेत, वेताच्या खुर्च्या विणायला शिकवणारे. भिंत झाली तेव्हा ते याच शाळेत तेरा वर्षांचे विद्यार्थी होते. आता अठ्ठावीस. काठी न घेता बागेतून सरळ चालत आले आणि शेळीपाशी थांबले.

"मोठे काका का? छिन्नीच्या आवाजावरून ओळखलं. धाकटे काका असा एका दमात ठोका मारायचे नाहीत."

"बोर्डचे स्क्रू कुठं आहेत, मास्तर? मला एकही दिसत नाही."

"दिसायचे नाहीत. तुकड्यांखाली आहेत." मास्तरांचं बोट शेळीच्या तोंडावरून फिरत डोळ्यावर थांबलं. "हा. हा डोळा नखानं उचला."

मिस्त्रीनं नख घातलं. डोळा सहज उचलला गेला. पाठीला रबरासारखं, ताणणारं सिलिकॉन होतं. खाली स्क्रूचं डोकं, तेलाचं बोट लावून ठेवलेलं, गंजाचा ठिपकासुद्धा नाही.

"बाकी सगळीकडं पक्कं केमिकल," मास्तर म्हणाले, "आणि स्क्रूवर फक्त हे. काका म्हणायचे, जिथं पुन्हा यायचंय तिथं दार ठेवावं. घोड्याचा मागचा खूर घ्या आता. मग शेपटीच्या मुळाशी."

ते सांगत गेले, मिस्त्री काढत गेला. तासाभरात चारही बोर्ड भिंतीवरून उतरून गवतावर आडवे झाले. दोन ठिकाणी कडा झिजलेल्या, बाकी अख्खे. मिस्त्रीनं बोर्डांच्या पाठी पाहिल्या. पाणी मुरू नये म्हणून तिथंही ब्रशनं दोन हात मारलेले होते. हे काम आपण शिकवलं होतं, ते त्याला ओळखू आलं.

मग त्यानं विचारलं, "मास्तर, माझी बाजू कशी वाटते? म्हणजे, हाताला?"

मास्तर जरा घुटमळले.

"तुमची बाजू गार असते, काका. उन्हाळ्यात मुलं तिथं पाठ टेकून बसतात."

"आणि कासव?"

"कासव आहे असं सांगतात आम्हाला." मास्तर घाईनं पुढं म्हणाले, "काम फार गुळगुळीत आहे हो. एक कण हाताला लागत नाही. फक्त, तुकडा कुठं संपतो ते कळत नाही. धाकट्या काकांनी सांधे खोल ठेवलेत ना, तिथं बोट उतरतं, मग चित्र उमटतं. आम्हीच त्यांना सांगत होतो, अजून खोल, अजून खोल."

मिस्त्रीनं भिंतीला हात लावला. गुळगुळीत. हेच तर करायचं होतं त्याला.

"एक मांजर पण होतं त्यांचं," मास्तर हसून म्हणाले. "काय सुंदर होतं! मिशांसकट हाताला लागायचं. मग एके दिवशी सकाळी गेलो तर नाहीच. हात फिरवतोय, फिरवतोय, नुसती पाटी. लहान मुलं रडायला लागली. काका म्हणाले, मांजर झोपलंय, उठवू नका. आम्ही बरेच दिवस तिथून जाताना हळू बोलायचो. नंतर मोठे झालो, विचारायचं राहून गेलं. काय झालं असेल हो त्याचं?"

पलीकडं कुणीतरी पेटारा ओढत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"मी भरलं ते," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

"सांधे. मांजराचे. मी भरले, इपॉक्सीनं. त्याला न विचारता. मला वाटलं, राहिलेत."

मास्तरांचा चेहरा त्याच्याकडंच होता, पण त्यावरून काही कळत नव्हतं. मग ते म्हणाले, "काकांनी कधी सांगितलं नाही."

"नाही सांगायचा तो."

मिस्त्रीनं मांजराचा बोर्ड घरी नेला. दोन दिवस बारीक पातं घेऊन तो ओट्यावर बसला. एकेक सांधा कोरायचा, फुंकर मारायची, बोट फिरवायचं. इपॉक्सी दगडासारखं होतं, त्याच्या स्वतःच्या पसंतीचं, बाजारातलं सगळ्यात चांगलं. शेपटीचा अर्धा भाग मोकळा झाला. मग कानापाशी पातं घसरलं आणि कानाची तपकिरी चकाकी नखाएवढी उडाली. तिसऱ्या दिवशी तो बोर्ड घेऊन नवीन शाळेत गेला.

मास्तरांनी हात फिरवला. "शेपूट लागतंय."

"कान?"

"कान नाही." त्यांचं बोट त्या उडालेल्या जागेवर थबकलं. "राहू द्या, काका. आणखी फुटेल."

चारही बोर्ड नवीन भिंतीवर लागले. डावीकडची जागा मोकळीच राहिली. कासव, मासा, बदक जुन्या भिंतीतच होते आणि भिंत एव्हाना पडली होती; ढिगाऱ्यातसुद्धा तुकडे सिमेंटला धरूनच होते, असं गाडीवाला कौतुकानं सांगत होता.

"तुमची बाजू पुन्हा कराल?" बाईंनी विचारलं.

"नको, बाई. गुडघे ऐकत नाहीत आता."

भिंतीपाशी करणाऱ्यांच्या नावाची पट्टी लावायचं ठरलं होतं. मास्तरांनी ॲल्युमिनियमची पट्टी आणि ब्रेलचा टोचा तयार ठेवला होता. धाकट्याच्या बायकोलाही बोलावलं होतं. ती घोड्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मिस्त्री दिसल्यावर तिनं डोळे पुसले.

"रागावले नव्हते हो ते, दादा. शेवटी शेवटी तर हसून सांगायचे, दादाचं केमिकल काढायला देवसुद्धा दहादा विचार करेल."

"माझी वाट बघितली का त्यानं?"

खोटं बोलणं तिला जमलं असतं.

"बघितली," ती म्हणाली.

मिस्त्रीनं मान हलवली.

"दोघांची नावं घालू ना?" बाई म्हणाल्या.

"एकच घाला. त्याचं."

"असं कसं, दादा?" भावजय म्हणाली. "तुमचंही घाला."

"मांजराच्या सांध्यांत आहे मी. तेवढं पुरे."

त्यानं मास्तरांना धाकट्याचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. तीन शब्दांतले दोन त्याचेही होते. मास्तरांनी एकेक ठिपका टोचला, पट्टी उलटी केली, बोटानं तपासली आणि त्याच्या हातात दिली.

"ठीक आहे का बघा."

मिस्त्रीनं पट्टी डोळ्यांजवळ नेली. नुसते उंचवटे. बोट फिरवलं, तरी नुसते उंचवटे.

"मला नाही वाचता येत. तुम्ही वाचा."

मास्तरांनी त्याचं बोट धरलं आणि पट्टीच्या डाव्या टोकाला नेऊन ठेवलं. मग सावकाश, शाळेत पहिल्या दिवशी मुलांना शिकवतात तसं, ते वाचू लागले. आधी धाकट्याचं नाव. मग वडिलांचं. मग आडनाव.

"कळलं?"

"पुन्हा पहिलं," मिस्त्री म्हणाला.

मास्तरांनी त्याचं बोट मागं आणलं. खडबडीत, भेगाळलेलं बोट त्या सात-आठ ठिपक्यांवरून पुढं गेलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं. मास्तरांनी हात सोडला तरी ते पहिल्या शब्दावरच फिरत राहिलं.