कोळीण वैतागली आहे

हेमचंद्र विजयकर म्हणजे गिरगावातला सभ्य माणूस. जन्मात कधी कुणावर हात उगारला नव्हता. पण दादरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला मराठी शिकवायला लागल्यापासून रोज सकाळी एकदा तरी त्याचे हात शिवशिवायचे.

साल सत्तावन्न. वर्गातली मुलं बहुतेक परळ-लालबागची. संध्याकाळ मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या सभेत काढायची, घसा बसवून घ्यायचा आणि सकाळी वाङ्मयात जे दिसेल त्यात मुंबई शोधायची. कथा घेतली, तर म्हाताऱ्याचं चोरीला गेलेलं गाठोडं म्हणजे मुंबई. नाटक घेतलं, तर धाकट्याला वाटणीत फसवणारा थोरला भाऊ म्हणजे दिल्ली. लालबागच्या रामदासने तर सहामाहीच्या पेपरात प्रेमकवितेतली रुसलेली नायिकासुद्धा द्वैभाषिक राज्यात नेऊन कोंबली होती.

"अरे, गाठोडं हे नुसतं गाठोडंही असू शकतं!" हेमचंद्र कळवळून म्हणे.

"असेल ना सर," रामदास म्हणे, "पण मग त्यात मजा काय?"

अशात प्रिन्सिपॉलसाहेबांचा निरोप आला. शनिवारी ते तासाला बसणार, आणि मग विजयकरांना कायम करायचं की जूनमध्ये घरी पाठवायचं ते ठरवणार.

शुक्रवारी हेमचंद्रने वर्गापुढे चक्क हात जोडले. "उद्या कविता आहे. कोळणीचा नवरा समुद्रावर गेलाय, ती दारात दिवा घेऊन उभी आहे. बस्स! समुद्र म्हणजे समुद्र, दिवा म्हणजे दिवा. मुंबईचं नाव निघालं तर माझी नोकरी गेली म्हणून समजा."

मुलं हळहळली. "बिनघोर राहा सर," रामदासने सगळ्यांच्या वतीने शब्द दिला.

आणि पाळलाही. शनिवारी प्रिन्सिपॉलसाहेब शेवटच्या बाकावर बसले. हेमचंद्रने कविता गहिवरून वाचली आणि विचारलं, "या दिव्यातून कवीला काय सुचवायचं असेल? बोल, रामदास."

"काही नाही सर. दिवा आहे."

"बरं. आणि समुद्र?"

"खारट आहे, सर."

मागून खोकल्याचा आवाज आला. हेमचंद्रला आता एकच आधार उरला होता, त्याने स्वतः कालच वहीत उतरवून दिलेलं उत्तर. "कवितेतला रस कोणता?" करुण, एवढं तर माठातला माठही सांगेल.

उभी राहिली करी रोडची कांता. वर्षभरात तिने तोंड उघडलं नव्हतं. "करुण नाही वाटत, सर. ती बाई वैतागलीय."

"वैतागलीय?"

"आमचा कोंडीरामदादा मोर्चाला जातो. येतो म्हणतो दिवेलागणीला, येतो केव्हाही. वहिनी अशीच दारात उभी असते. रडत नाही ती. आल्यावर काय काय सुनावायचं ते मनात जुळवत असते. भाकरी गार होते ना, सर." तिने पुस्तक उचललं. "ही ओळ बघा. 'तेल सरत आले, ये रे आता, ये.' तुम्ही गळा काढून वाचलीत. ती अशी आहे." आणि कमरेवर हात ठेवून तिने ती ओळ अशी काही खेकसून वाचली की मुलं खो खो हसली. हसता हसता गप्पही झाली. बऱ्याच जणांच्या घरी दारात कुणी ना कुणी उभं राहत होतं.

प्रिन्सिपॉलसाहेब उठले. "विजयकर, विद्यापीठाचा परीक्षक या उत्तराला काय देईल?"

"शून्य, सर."

"आणि तुम्ही?"

नुसतं 'शून्य' म्हटलं असतं तर सुटला असता. पण गेली दोन वर्षं आपण त्या बाईला उगीच रडवत होतो, हे हेमचंद्रला आत्ताच कळलं होतं, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त वैताग आला होता.

"पैकीच्या पैकी," तो म्हणाला.

"अस्सं! मग कायम करायचं पुढच्या वर्षी बघू. तोवर तात्पुरतेच राहा." साहेब निघून गेले.

जूनमध्ये घरी जायचं तरी टळलं होतं. रामदास दबक्या आवाजात म्हणाला, "सर, तुमच्यासाठी मोर्चा काढू या का?"

"खाली बस, गाढवा!" हेमचंद्र ओरडला. "कांता, पुढचं कडवं तू वाच. आणि असंच वाच."