यम्नाच्या खुर्चीत

“बायको आणि डमी, दोघांचं एक बरं असतं सर. कितीही आपटा, तोंड उघडत नाहीत.”

तहाने हे आपल्या साहेबांना, सुरेश सरांना ऐकवलं आणि सर पोट धरून हसले. अवकाशात जायच्या कॅप्सूलच्या आत रुखसार, म्हणजे तहाची नवी नवरी, माझ्या मानेतल्या वायरी जोडत बसली आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिचा हात थांबला. मग तिने माझ्या गळ्यातला स्क्रू गरजेपेक्षा जरा जास्तच आवळला. तहाच्या वाट्याचं मी सोसलं. तसं सोसणं हाच माझा धंदा.

होय, तो डमी मीच. पोलादाच्या बरगड्या, रबराची कातडी, पोटात शिसं आणि हाडाहाडांत मार मोजणारी यंत्रं. मला घडवलं ते पुरुषाच्या मापाने. तोही चांगला उंच, रुंद खांद्यांचा. जगातली सगळी माणसं अशीच असतात, असं घडवणाऱ्यांना वाटलं असावं.

जन्मल्यापासून मार खातोय. पहिल्या मालकाकडे मोटारीत बसवून भिंतीवर आदळायचे. काचा तोंडात शिरायच्या, स्टिअरिंग छातीत. संध्याकाळी मोडक्या बरगड्या बदलायच्या आणि सकाळी पुन्हा भिंत. पुढे नव्या जातीचे डमी आले आणि मला पेटीत भरून विकून टाकलं. अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदरात पेटी उघडणारा माणूस मला पाहून मागे सरकला आणि पोलिसाला हाका मारू लागला. त्याला मी प्रेत वाटलो. माझ्यासाठी घाबरलेला तो पहिलाच माणूस, म्हणून लक्षात राहिला.

तिथून आलो उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागातल्या या शेडमध्ये. अवकाशात माणसं नेणाऱ्या एका खाजगी कंपनीच्या खुर्च्या इथे तपासतात. चार जण पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकावर जाणार, काही दिवस राहणार आणि परत येऊन समुद्रात उतरणार. टीव्हीवर हे सगळं फार अलगद दिसतं. पांढरी पॅराशूट, निळं पाणी. या माझ्या खुर्चीत बसून बघा. वर जाताना छातीवर उंट बसतो. उतरताना पॅराशूट उघडली तरी पाणी काँक्रीटसारखं लागतं. म्हणून क्रेन मला कॅप्सूलसकट उंच उचलते आणि हौदात सोडून देते. पोटातलं शिसं गळ्याशी येतं. डोकं पुढे फेकलं जातं, मागे आपटतं. बाहेर संगणकावर आकडे हिरवे आले की टाळ्या वाजतात. मला बाहेर काढायच्या आधी चहा येतो.

त्या चौघांत यम्ना होती. तहाची धाकटी बहीण, डोळ्यांची डॉक्टर. स्थानकावर माणसाच्या नजरेचं काय होतं, ते तपासायला निघालेली. उंची पाच फुटांना जरा कमीच. माप द्यायला आली तेव्हा माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, “काय रे दांडग्या, माझी जागा अडवून बसलायस.” मग रुखसारकडे वळली. “भाभी, हा कुर्ता माझा ना?”

“तुझ्याच कपाटातून उचलला.”

“ठेव. तुला जास्त शोभतो. अम्मी म्हणतेच, आपण दोघी एकाच ताग्यातून कापलेल्या आहोत.”

खरंच, दोघी शेजारी उभ्या राहिल्या की खांद्याला खांदा लागायचा.

यम्नाच्या मापाचा छोटा डमी बाहेरून भाड्याने यायचा होता. तो दुसऱ्या कुणाकडे अडकला. उड्डाणाची तारीख मात्र अडकत नव्हती. सुरेश सरांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. “याच्या पोटातलं शिसं काढा. वजन यम्नाएवढं करा. खलास.”

तहा घुटमळला. बहीण त्याची होती. “चालेल ना सर?”

“अरे हबीबी, मशीनला वजन कळतं. पॅसेंजर बाई आहे की बुवा, ते थोडंच कळतंय?”

तहा हसला. सरांच्या जोकला तो नेहमीच आधी हसतो आणि मग विचार करतो. कधीकधी दुसरं राहून जातं.

माझी आतडी काढून बादलीत टाकली. रुखसार पट्टे बांधायला आत आली. पोट रिकामं झालं तरी माझे खांदे होते तिथेच होते, आणि पट्टा त्यांच्यावर ऐटीत बसला. तिने माझ्या खांद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात हळूहळू तिच्या गळ्यापाशी गेला. बाहेर डोकं काढून ती म्हणाली, “तहा सर, यम्नाच्या खांद्यावर हा पट्टा बसणार नाही. वर सरकेल.” घरी ती त्याचं नाव घेत नसे, इथे सर लावलं की घेता यायचं.

“घरी बोलू,” तहा म्हणाला.

मला सोडलं. हलका झाल्यामुळे आदळताच मी खुर्चीत खाली घसरलो आणि पट्टा खांद्यावरून मानेकडे कातडी चिरत गेला. ओलं कापड टराटरा फाडावं तसा आवाज झाला. चीर गळ्याच्या अलीकडे थांबली, ती केवळ माझे खांदे रुंद म्हणून. आकडे हिरवे आले.

“रबर जुनं झालंय,” सुरेश सर म्हणाले. “टेप लावा. उद्या शेवटचा ड्रॉप, मग मी सही करतो.”

“सर, चीर कुठवर गेलीय ती बघा ना,” रुखसार म्हणाली.

“वहिनी, तुम्ही नव्या आहात. इथेही आणि घरीही.”

त्या रात्री घरी काय बोलणं झालं, मला माहीत नाही. शारजाहून रोज जॅममध्ये एकाच गाडीतून कुरबुरत, हसत येणारी ती दोघं सकाळी वेगवेगळ्या दारांनी आत आली, एवढंच मी पाहिलं.

माझे पट्टे बांधायला रुखसार कॅप्सूलमध्ये शिरली. बांधले नाहीत, सोडले. माझ्या काखेत हात घालून तिने मला खेचलं, दाराबाहेर ढकललं. हौदाच्या काठच्या फरशीवर मी डोक्यावर पडलो आणि माझी मान कट्कन मोडली. आजवर मला ज्यांनी आपटलं, त्यांनी मोजून आपटलं होतं. हा पहिलाच बेहिशेबी मार. कंप्रेसरच्या धडधडीत तो कुणाला ऐकूही गेला नाही. तिने आतून दार ओढून घेतलं आणि तयारीचा दिवा लावला. क्रेनवरच्या जहूरला वरून फक्त तो दिवा दिसतो. त्याने कॅप्सूल उचलली.

तहाने कागदांतून डोकं वर काढलं आणि त्याची नजर माझ्यावर पडली. मान उलटी फिरलेला, फरशीवर पालथा मी. मग त्याने वर पाहिलं. दाराच्या फटीतून ओढणीचं टोक लोंबत होतं.

“डमी तर इथे आहे,” तो सुरेश सरांना अगदी हळू म्हणाला. “मग आत कोण आहे?”

आणि मग तो जो ओरडला, तसा आवाज मी मोटारी फुटतानाही ऐकला नव्हता. “जहूर, बटन से हाथ हटा. हाथ हटा.”

क्रेन झटक्याने थांबली. कॅप्सूल झुलली, हौदाच्या खांबावर धाडकन आदळली, पत्रा चेपला. आत माझी हाडं मोडतात तो आवाज टिपायला एक माइक लावलेला असतो. त्यातून शेडभर श्वास ऐकू येऊ लागला, गळ्यात पट्टा रुतलेल्या माणसाचा. तहा वर चढायला शिडीकडे धावला, घसरला, नडगी सोलली, रक्ताने पायऱ्या माखत पुन्हा चढू लागला. सुरेश सर खालून म्हणत राहिले, “वहिनी, खाली या, आपण बोलू.”

माझं म्हणाल तर त्या दिवशी मी सुटलो. मान पुन्हा जुळली नाही. आता दारामागे उभा असतो. कुणी माझ्या हातात हेल्मेट अडकवतं, कुणी जेवणाचा डबा. उड्डाण लांबलं, छोटा डमी आला, पट्टा त्याच्या गळ्यात रुतला तेव्हा कुठे खुर्ची बदलली. यम्ना वर जाऊन आली. पाण्यावर आदळली, ओकली आणि हसत बाहेर आली. रुखसारच्या गळ्यावरचा काळानिळा वळ तोवर मावळला होता. तहाला हल्ली जोक उशिरा कळतात.

मार खाल्ल्याची माझी तक्रार नाही. त्यासाठीच माझा जन्म. मागणं एवढंच आहे, की माझ्या खांद्यांवरून दुसऱ्याचा गळा मोजू नका.

तर त्या दिवशी माइकमधून आधी श्वास आला, मग खोकला. मग तिचा आवाज. रोजच्यासारखाच हळू, फक्त सगळ्या शेडला ऐकू जाणारा.

“यम्ना आणि मी एकाच मापाच्या आहोत. आधी मला खाली सोडा, मग तिला वर पाठवा.”