न परवडणारी बढती

शुक्रवार पेठेतल्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी सामान्य करदात्यांचे प्रबोधन झाले, तेव्हा प्रबोधन करणाऱ्याच्या अंगावर चादर होती. पाहुण्याला शालीऐवजी चादर पांघरावी हा सोलापूरचा शिष्टाचार आहे आणि तो एप्रिलच्या उन्हालाही भीक घालत नाही. ‘करमित्र’ ही पदवी वक्ते आबासाहेब यांना कोणत्या विद्यापीठाने दिली, याची चौकशी कोणी केली नव्हती. फलकावर ती ठळक अक्षरांत छापलेली होती. सभेला तेवढा पुरावा पुरला.

पाचव्या रांगेत बुद्धप्रियाबाई बनसोडे बसल्या होत्या. त्या पाली भाषेच्या प्राध्यापिका. करशास्त्राशी त्यांचा संबंध पगारातून कर कापला जातो एवढाच. त्या आल्या होत्या धाकट्या भावासाठी. दिपक पाटबंधारे खात्यात उपअभियंता. अकरा वर्षे वाट पाहिल्यावर त्याला कार्यकारी अभियंता म्हणून बढतीचा आदेश मिळाला होता, तोही सोलापुरातच. आणि हा गृहस्थ ती बढती लेखी नाकारायला निघाला होता. का, असे विचारल्यावर तो एवढेच म्हणाला होता, “अक्का, तू एकदा आबासाहेबांना ऐक.”

बाई ऐकत होत्या.

“सोळा लाखांपर्यंत पंधरा टक्के. सोळाच्या वर गेलात की वीस,” आबासाहेब सांगत होते. “त्यावर चार टक्के उपकर. वीस आणि चार किती?”

“चोवीस!” सभा एका सुरात म्हणाली. पहिलीच्या वर्गाला शोभेल असा तो उत्साह होता.

“आता आपल्या दिपकसाहेबांचंच घ्या. करपात्र उत्पन्न पंधरा लाख नव्वद हजार. एकोणीस टक्क्यांनी कर झाला तीन लाख दोन हजार शंभर. बढतीनं वाढणार पन्नास हजार, म्हणजे सोळा लाख चाळीस हजार. रेष ओलांडली! आता सगळ्यावर चोवीस टक्के. तीन लाख त्र्याण्णव हजार सहाशे! पन्नास हजार मिळवायला साहेब साडेएक्याण्णव हजार मोजणार. ही बढती म्हणायची का दंड?”

हशा पिकला. टाळ्याही पडल्या. आपला भाऊ उदाहरण म्हणून उभा राहून सर्वांना नमस्कार करतो आहे, हे बाईंनी शांतपणे पाहिले. मग त्या स्वतः उभ्या राहिल्या.

“मॅडम, प्रश्न शेवटी,” सूत्रसंचालन करणारे सोमशेखर अत्यंत आदराने म्हणाले. सोमशेखर हे दिपकच्याच कार्यालयातले दुसरे उपअभियंता आणि या शिबिराचे आयोजक. शेवटी आभार झाले. आभारांनंतर उप्पीट झाले. एकदा ज्याच्या खांद्यावर चादर चढली, त्याला हिशेब विचारणे हा यजमानाचा अपमान समजला जातो; सत्य त्या मानाने गौण असते.

दुपारी दिपकच्या घरी पंख्याखाली बसून बाईंनी विषय काढला.

“दिपक, तुझा कर महिन्याला किती कापतात?”

“सव्वादहा हजार.”

“आबासाहेबांच्या हिशेबानं पंचवीस हजार कापायला हवेत.”

दिपकने आधी दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “माहितीय मला. लेखा शाखेची चूक होतीय. मी गप्प बसलोय. तूही कुठं बोलू नको, नाहीतर मागचं सगळं एकदम वसूल करतील.”

हजारो वर्षांपूर्वीच्या गाथा वाचताना माणसाच्या अज्ञानाचे अनेक प्रकार बाईंनी पाहिले होते. पण दरमहा पगाराबरोबर घरी येणारे सत्य चोरीचा माल समजून लपवणारा माणूस त्यांना ग्रंथांत कुठे भेटला नव्हता. तो सख्ख्या भावातच भेटायचा होता.

“वळसंगकडचा पाझर तलाव तूच बांधलास ना?”

“व्हय. त्याचं काय आता?”

“पाणी सांडव्याच्या वर हातभर चढलं, तर वाहून काय जातं? अख्खा तलाव?”

“काय अक्का! सांडव्याच्या वरचं तेवढं जातं. खालचं जागेवरच राहतं की.”

“मग सोळा लाखांच्या वरचे तुझे चाळीस हजार तेवढे वीस टक्क्यांत जातात. खालचे जागेवर राहतात. पहिल्या चार लाखांवर तर काहीच नाही, पुढच्या चारांवर पाच टक्के, त्यापुढच्या चारांवर दहा, मग पंधरा. आणि तो उपकर तुझ्या उत्पन्नावर नसतो, करावर असतो. विसाचे चार टक्के एकसुद्धा भरत नाहीत. चोवीस कुठून आणले?”

दिपकने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडेमोड सुरू केली. धरणाच्या भिंतीचे घनमीटर तोंडी सांगणारा हा माणूस चौथीच्या गणितावर घामाघूम होत होता, कारण आता त्याला उत्तर काढायचे नव्हते, लाज गिळायची होती. हिशेब संपल्यावर तो पुटपुटला, “कर वाढतो नऊ हजार आठशे ऐंशी. हातात उरतात चाळीस हजार एकशे वीस.”

“वर्षाला. आणि पद वेगळंच.”

“पण सोमशेखर तर म्हणाले...” तो अडखळला. “मी नाकारली की यादीत पुढचं नाव त्यांचं. म्हणाले, तोटा कुणीतरी सोसायलाच हवा, तुमच्यासाठी मी सोसतो. अक्का, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं गं.”

“येणारच. एवढा त्याग रोज कुठे बघायला मिळतो?”

स्वयंपाकघरातून दिपकची बायको अपेक्षा म्हणाली, “मी पण तेच सांगत होते, तर म्हणे तुला कळत नाही.”

पाचच्या सुमारास सोमशेखर आले. बढती नाकारण्याचा अर्ज घेऊन त्याच रात्री पुण्याला निघायचे आणि सोमवारी मुदत संपायच्या आत तो वरिष्ठ कार्यालयात स्वहस्ते पोचवायचा, इतकी काळजी त्यांनी स्वखुशीने घेतली होती. अपेक्षाने दिलेले सरबत त्यांनी उभ्याउभ्याच संपवले.

“साहेब, अर्ज तयार आहे की? सही तेवढी बघून घेतो.”

“बसा,” बुद्धप्रियाबाई म्हणाल्या. “तुमच्याबद्दल वाईट वाटतं हो. याच्या जागी तुम्ही बढती घेणार. तुमचा पगारही याच्याएवढाच. किती भुर्दंड बसेल तुम्हाला?”

“छे छे, मॅडम, भुर्दंड कसला?” सोमशेखर विनयाने हसले. “महिन्याला आठशे-सव्वाआठशे जास्त कापतील. तेवढं चालतंय की.”

आपण काय बोलून गेलो हे सोमशेखरांना अर्ध्या क्षणाने कळले असावे. त्यांनी सरबताचा पेला उचलला आणि तो रिकामा असल्याचे पाहून पुन्हा ठेवला.

“वार्षिक नऊ हजार आठशे ऐंशी,” दिपक सावकाश म्हणाला. “बाराने भागा. आठशे तेवीस. तुमचा हिशेब पक्का आहे, सोमशेखर.”

“नाही, म्हणजे आबासाहेबांची पद्धत वेगळी... ती सामान्य लोकांसाठी...”

दिपकने टेबलावरचा अर्ज उचलला, चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि उठून दार उघडले.

“तुम्ही निघा आता. आणि उद्या साडेदहाला माझ्या केबिनमध्ये या. केबिन कोणती, ते तुम्हाला ठाऊक आहेच.”