रंगाला कुठे वजन असतं

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे, आणि मी जड आहे. विमानाने स्वतःबद्दल असे सांगू नये, पण माझ्यापाशी सांगण्यासारखे आता तेवढेच उरले आहे. मी माणसे नेणारे विमान नव्हे. जमिनीवर उभे राहून रेडिओने उडवायचे, दोन्ही हातांत धरता येईल एवढे. नाशिकच्या सिडकोतल्या एका घराच्या माळ्यावर मी कित्येक वर्षे पडून आहे.

नव्वदच्या दशकात याच घरात माझा जन्म झाला. या घरची मुलगी मीना तेव्हा कॉलेजात होती आणि एनसीसीच्या हवाई विभागात जात होती. तिथे अशी छोटी विमाने उडवण्याची स्पर्धा असे. तिने अगदी हलक्या बाल्सा लाकडाच्या पट्ट्या कापून माझा सांगाडा जोडला आणि त्यावर पातळ कागद ताणून बसवला. तिचे अप्पा, म्हणजे वाल्मीक, अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. माझे छोटे इंजिन त्यांनी बसवून दिले. रविवारी दोघे बापलेक माझ्याभोवती बसत. तसे सुख मला पुन्हा मिळाले नाही.

मीनाला वजनाचा ध्यास होता. नुसते वजन किती, यावर तिचे भागत नसे. ते केवढ्या पंखांवर आहे, हे ती पाही. एकच पोते दोघांनी उचलले तर काही वाटत नाही, एकट्याने उचलले तर कंबर मोडते. पंखांचेही तसेच. माझे वजन पंखांच्या क्षेत्रफळाने भागून येणारा आकडा चाळीसच्या वर गेला नाही, तर मी सावकाश उडेन, वळताना सावरेन आणि अलगद उतरेन. आकडा वाढला की विमानाला जोरात पळत राहावे लागते, आणि वेग जरा कमी झाला की ते कोसळते.

त्यासाठी ती मला चौकातल्या कुसाबाईंच्या भाजीच्या तराजूत घाली. "लय हलकं हाय गं हे. माझी कोंबडी याच्यापरीस जड भरंल," असे कुसाबाई म्हणाल्या, तेव्हा मीनाला आकाश ठेंगणे झाले. मला पॉलिशपेपरने घासताना ती मनातले बोले. स्पर्धेच्या संघात निवड झाली तर ती हवाई दलाच्या वैमानिकाच्या परीक्षेला बसणार होती. निवड झाल्यावर अप्पा नाही म्हणणार नाहीत, अशी तिची खात्री होती.

निवड दसऱ्यानंतर लगेच होती आणि त्याआधी आली खंडेनवमी. कारखान्यात खंडेनवमीला यंत्रे धुऊनपुसून रंगवतात, त्यांना हार घालतात. अप्पांनी उभ्या हयातीत हेच केले होते. लेकीचे यंत्र असे कागदी, उघडेबोडके पूजेला ठेवायचे त्यांच्या जिवावर आले. मीना दोन दिवस बाहेरगावी गेलेली असताना त्यांनी मला फळीवरून खाली घेतले. सांध्यांच्या फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वर अस्तराचा रंग दिला आणि मग यंत्रांना लावतात तो निळा तेलरंग, एकावर एक दोन हात. शेपटी नाजूक वाटली म्हणून तिला पत्र्याची पट्टी चिकटवली. ते गुणगुणत होते. मला वाचा असती तर मी ओरडले असते, पण त्यांचा हात फार मायेचा होता.

पूजा झाल्यावर मीनाने मला उचलले आणि तिचा चेहरा उतरला. ती तशीच कुसाबाईंकडे गेली. पारडे धाडकन खाली बसले. मापे बदलली का, असे तिने विचारले. "मापं तीच हायेत, पोरी. तुझंच जड झालंय," कुसाबाई म्हणाल्या.

मीनाने भागाकार केला. पन्नास आले. रंग खरवडावा तर खालचा कागद फाटत होता, आणि नवा कागद चढवायला वेळ नव्हता. विमान थोडे जड झालेय, एवढेच तिने अप्पांना सांगितले. ते हसले. "रंगाला कुठे वजन असतं, मीना? आता बघ कसं मजबूत झालंय."

ती पुढे काही बोलली नाही. मित्रांनो, तिथेच सगळे संपले.

देवळाली कॅम्पकडच्या माळावर निवड होती. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, कारखान्यातल्या चारचौघांना घेऊन आले होते आणि रंग आपणच दिला हे कौतुकाने सांगत होते. माघार घ्यायची तर मीनाला त्यांच्यादेखत कारण सांगावे लागले असते. तिने मला उडवले. मी वर गेले, पण धापा टाकत. पहिल्याच वळणावर माझा वेग कमी झाला, डावा पंख खाली झुकला आणि मी जमिनीवर आदळले. तिच्या हाताची काही चूक नव्हती. ते फक्त तिला आणि मला ठाऊक होते.

अप्पा धावत आले. माझे तुकडे गोळा करत त्यांनी विचारले, "काय झालं गं?"

"माझाच हात चुकला, अप्पा."

त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिचे म्हणणे खरे मानले.

पदवी झाल्यावर मीनाने परीक्षेचा विषय काढला. अप्पांनी हातातले वर्तमानपत्र घडी करून ठेवले. मग म्हणाले, "ते कागदाचं होतं म्हणून निभावलं. तुझा हात चुकतो, बाळा, तूच म्हणालीस. खऱ्या विमानात तू बसलेली असशील." खरे सांगायला तिने तोंड उघडले, आणि मिटले. ती परीक्षेला बसली नाही. तिचे लग्न झाले. हल्ली ती पुण्याला एका कंपनीत हिशेब पाहते.

अप्पांनी मला पुन्हा जोडले आणि पुन्हा रंगवले. माझा आकडा आता कोणी काढत नाही.

मित्रांनो, तुमच्यावर कोणी मायेने ओझे घातले आणि ते पेलवत नसेल, तर त्यांना सांगा. ते रागावतील, त्यांना वाईट वाटेल, तरी सांगा. परवा घरी पाहुणे आले होते. मीनाही माहेरी आली होती. अप्पा पाहुण्यांना सांगत होते, की आपण विमान चांगले पक्के केले होते, पोरीचाच हात चुकला. चहाचे कप उचलता उचलता मीना म्हणाली, "हो ना."